अच्छेराच्या आत

किसुमू. रात्रीचे पावणेदहा.
जनरेटर दोनदा खोकून लागला आहे,
खिडकीच्या काचेवर सरोवराकडून आलेल्या चिलटांचा थर,
आणि अदोंगो शहाण्णव खड्ड्यांच्या ताटलीवर वाकली आहे.
आठ ओळी, बारा रकाने,
जणू कुणी बुद्धिबळाचा पट आखला
आणि रंगवायचा विसरून गेलं.

आडवं एक औषध उतरतं, उभं दुसरं.
दर घराला निम्मं.
तिच्या वहीत हे सगळं दशांशात आहे.
माझ्याकडे त्याला जुनी नावं आहेत,
वाण्याच्या तागडीबरोबर अडगळीत गेलेली:
एकट्याने मारायला जेवढं लागतं तो शेर,
मग अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक,
आणि छटाकेच्या खाली जे उरतं
त्याला वाणीही नुसतं चिमूटभर म्हणत.

शेवटी यीस्ट.
नमुना तीनशे सतरा.
पाव फुगवणाऱ्या यीस्टचं हे लांबचं नातलग,
पण याने बिऱ्हाड केलं ते रक्तात.
खाट नऊ, बाई, वय एकसष्ट.
नाव फॉर्मवर आहे, अदोंगो ते वाचत नाही.
वाचलं की हात हलतो,
आणि इथे हात हलला की
पावशेराचं नवटाक होतं.

पहिलं औषध त्याला आता फारसं बोचत नाही.
दुसरं त्याला मारतं,
पण मारण्याची मजुरी
बाईच्या मूत्रपिंडांकडून वसूल करतं.
म्हणून ही दोघांची थोडीथोडी भेसळ,
म्हणून हा पट.

बाराव्या रकान्यात औषध नाही.
तिथे त्याला मनसोक्त वाढू द्यायचं.
तिथे ते वाढलं नाही
तर बाकीच्या घरांतल्या मरणांना काही किंमत नाही,
ताटली फेकायची.
(हे मला पटायला दोन दिवस लागले.)

आपियोचा फोन.
आपियो अठरा मिनिटांनी मोठी.
जुळ्यातली आधी आली ती आपियो, मागे राहिली ती अदोंगो;
लुओंमध्ये ही नावं आईबापांना शोधावी लागत नाहीत.
ती किबुयेच्या बाजारात ओमेना विकते,
वाळलेली, बोटभरही नसलेली मासळी, पत्र्याच्या डब्याने मापून,
आणि डब्यावर वर एक मूठ, गिऱ्हाईक परत यावं म्हणून.
"तुझी दोन औषधं बोलली का गं एकमेकांशी?"
"उद्या कळेल."
"आई काय म्हणायची? तुम्ही दोघी म्हणजे तिघींचा त्रास."
"आमच्याकडे," अदोंगो म्हणते, "तेच शोधतात."

दुसऱ्या रात्री ताटलीखाली आरसा.
जिथे ते जगलं तिथे तळाशी पांढरा ठिपका,
भिजल्या साबुदाण्यासारखा.
जिथे नाही तिथे पाणी, नितळ.
पहिल्याचं पावशेर, दुसऱ्याचं नवटाक:
नितळ.
दोन्ही मिळून अच्छेराच्या आत.
ती आरसा पुसते, पुन्हा बघते.
डॉक्टर ओमुलो चष्मा न काढता म्हणतात, "परत लाव."

परत लावली.
या वेळी पावशेराला अच्छेर लागलं.
बेरीज पाऊण.
अच्छेराच्या वर गेलं की वहीत शब्द असतो 'उदासीन':
दोघं एका घरात राहिले,
भांडले नाहीत,
बोललेही नाहीत.

वॉर्डातून सिस्टर केरुबो विचारते: काय लिहू?
पहिली ताटली टेबलावरच आहे अजून.
एक 'हो' अदोंगोच्या जिभेपर्यंत येतो,
ती तो गिळते.
"एक हो, एक नाही. तिसरी लावतेय."
पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर.
मग सिस्टर सांगते, विचारलेलं नसताना,
की खाट नऊने आज सकाळी चहा मागितला,
आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुरलीही.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

साखर यीस्टलाही आवडते,
अदोंगोच्या मनात येतं,
आणि ती ते मनातच ठेवते.
पस्तीस अंशांच्या उबेत तिसरी ताटली सरकवते,
दार लावते,
लागलं की नाही ते कोपराने ढकलून बघते.